वाचणे आणि उमजणे : मराठी शाळेतील अर्थवाचनाची वाटचाल

वाचनालयाच्या शतकपूर्तीनिमित्त निघणाऱ्या स्मरणग्रंथात कोणत्या गोष्टींची नोंद व्हावी, याचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. संस्थापकांची धडपड, सुरुवातीची जागा, देणगीदारांचे औदार्य, ग्रंथसंख्येतील वाढ, कार्यकारी मंडळांची परंपरा या सर्वांचे स्मरण कृतज्ञतेने व्हावयासच हवे. परंतु ज्याच्यावाचून वाचनालयाला अस्तित्वच नाही, तो वाचक अशा ग्रंथांतून बहुधा आकड्याच्या रूपानेच भेटतो. अमुक साली इतके सभासद, तमुक साली तितके. हा वाचक येतो कोठून? वाचनालयाच्या दाराशी तो पोचतो तेव्हा पुष्कळसा घडूनच आलेला असतो. त्याची घडण दुसरी-तिसरीच्या वर्गात, गुरुजींच्या वा बाईंच्या समोर, क्रमिक पुस्तकाच्या ओळीवर बोट ठेवून झालेली असते. म्हणून आपल्याकडच्या मुलांना वाचावयास कसे शिकविले गेले, आणि वाचलेले समजून घ्यावयास शिकविले गेले की नाही, हा प्रश्न वाचनालयाच्या इतिहासाबाहेरचा मानता येणार नाही. प्रस्तुत लेखात त्या वाटचालीचा धावता आढावा घेण्याचा विचार आहे.

आरंभी एक आठवण सांगतो. माझे प्राथमिक शिक्षण कडोलीत झाले. तिसरीत असताना मोठ्याने वाचण्यात माझा हातखंडा होता. तपासणीला साहेब आले की गुरुजी मलाच उभे करीत. एके दिवशी मी असाच एक धडा न अडखळता वाचून दाखविला. बाजार आटोपून एक शेतकरी गाडीने घरी निघतो, वाटेत ओढा लागतो, आणि रोज बिनदिक्कत पाण्यात उतरणारा बैल त्या दिवशी काठावरच अडून राहतो, अशी काहीशी ती गोष्ट होती. वाचून झाल्यावर शाबासकीच्या अपेक्षेने मी उभा राहिलो. गुरुजींनी पुस्तक मिटावयास सांगितले आणि विचारले, "बैल पाण्यात का उतरंना रे?" मी म्हणालो, "धड्यात दिलेलं नाही, गुरुजी." त्यावर मागच्या रांगेतला, एकेका अक्षराशी झगडणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "वर डोंगरात पाऊस झालाय, गुरुजी. ओढ्याला पाणी येनार. बैलाला कळतंय ते." धड्याच्या दुसऱ्याच ओळीत दुपारपासून डोंगराकडे आभाळ काळे झाल्याचा उल्लेख होता. ती ओळ मी सर्वांत खणखणीत आवाजात वाचली होती.

पुढे महाविद्यालयात मराठी शिकविण्यात आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे गेली, आणि त्या तिसरीतल्या मुलासारखे विद्यार्थी दरवर्षी समोर येत राहिले. ते उतारा घडघडा वाचतात. "यात लेखकाला काय म्हणावयाचे आहे?" असे विचारले की मान खाली घालतात. त्यांना बोल लावून भागत नाही. अक्षरवाचन आणि अर्थवाचन या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि दुसरी पहिलीच्या मागोमाग आपोआप येते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरीत आलो आहोत. या गृहीताचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

छापखाना येण्यापूर्वी आपल्या समाजात वाचन ही बव्हंशी ऐकण्याची गोष्ट होती. जुन्या पोथीत शब्द सुटे लिहिलेले नसत. ओळ अखंड चाले आणि शब्द कोठे तोडावयाचा हे वाचणाऱ्याने जाणावयाचे असे. मोडीतही लेखणी न उचलता लिहिण्याकडे कल असल्याने हीच अडचण येई. त्यामुळे अर्थ कळल्याखेरीज नीट वाचताच येत नसे. चातुर्मासात देवळात पोथी लागे तेव्हा एकाने ओवी वाचावयाची आणि दुसऱ्याने तिचा अर्थ उलगडून सांगावयाचा, अशी पद्धत गावोगावी होती. 'ज्ञानेश्वरी' (शके १२१२) हा ग्रंथच मुळी गीतेचा अर्थ लोकांना आपल्या भाषेत कळावा म्हणून झालेला. 'दासबोधा'त श्रोता आशंका घेतो आणि वक्ता तिचे निरसन करतो. वाचता वाचता थांबणे, शंका काढणे, मागचा संदर्भ पुढच्याशी जोडणे, हे सारे तेथे निरूपणाच्या रीतीतच बसविलेले आहे.

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु देवळातले निरूपण ऐकून आल्यावर त्या दिवशीची कथा ती आम्हांला पदरच्या दोन दाखल्यांसह सांगे. याउलट मला अक्षरे येत होती आणि बैल का थांबला हे कळत नव्हते. अक्षर नसलेल्यांपाशी अर्थ होता, आणि अक्षर आलेल्यांपाशी तो असेलच अशी खात्री नव्हती. आमच्या पिढीच्या शिक्षणाचे मर्म या विसंगतीत आहे, असे मला वाटत आले आहे.

देवळातल्या या रीतीचा शाळेशी मात्र फारसा संबंध नव्हता. पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम लिहावयास शिके. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावयाची, मग मुळाक्षरे, बाराखड्या, जोडाक्षरे, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून उजळणी म्हणावयाची. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हेही तोंडपाठ होई. हे शिक्षण टाकाऊ होते असे मुळीच नव्हे. कुळकर्ण्याला दप्तर आणि व्यापाऱ्याला खतावणी सांभाळता येईल, एवढ्या बेताचे ते होते आणि तो हेतू ते उत्तम रीतीने साधत असे. मात्र एखादी अपरिचित गोष्ट हाती घेऊन, ती आपली आपण वाचून, तिच्यावर विचार करावा, ही अपेक्षा त्या शाळेला ठाऊक नव्हती. मुलांच्या हाती देण्यासारखी पुस्तकेच नव्हती.

ती पुस्तके इंग्रजी अमलात आली. इ. स. १८१८ नंतर बेळगावचा मुलूख मुंबई इलाख्यात सामील झाला. मुंबईत १८२२ साली शाळा व शालेय पुस्तके यांसाठी सोसायटी स्थापन झाली. १८२७ पासून ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा या कार्याला पाठिंबा होता. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ साली प्रसिद्ध झाले. इसापच्या नीतिकथाही त्यांनी मराठीत आणल्या. केवळ मुलांनी वाचावे म्हणून मराठी गद्य लिहिले जाण्याची ही सुरुवात होय. नीतिकथेच्या शेवटी तात्पर्य देण्याची रीतही याच पुस्तकांबरोबर आपल्या शाळेत रुजली. तात्पर्य काढणे ही खरोखर वाचणाऱ्याने करावयाची गोष्ट. परंतु ते छापूनच मिळू लागल्यावर मुलाने ते पाठ केले, आणि त्याच्या वाट्याचे काम पुस्तकाने उरकून टाकले.

मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांचे ऋण येथे नमूद केले पाहिजे. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० सालचे. आज आपल्याला स्वल्पविराम व प्रश्नचिन्ह ही व्याकरणाच्या पेपरातील दोन-चार गुणांची बाब वाटते. पण अखंड ओळीच्या पोथीशेजारी विरामचिन्हांनी युक्त असे छापील पान ठेवून पाहिले, म्हणजे या चिन्हांनी किती मोठे काम केले हे ध्यानात येते. कोठे थांबावयाचे, कोणते वाक्य कोणाच्या तोंडचे, कोठे प्रश्न आहे, हे सांगणारा निरूपणकार जणू पानातच येऊन बसला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कँडींच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची मालिका तयार झाली आणि इलाख्यातील मराठी शाळांत एकच पुस्तक एकाच इयत्तेत शिकविले जाऊ लागले.

बेळगाव जिल्ह्यात याच काळी एक वेगळा प्रश्न उभा होता. तो आज आपण मोकळ्या मनाने पाहावयास हवा. इलाख्याच्या दक्षिण भागात कारभारावर व शाळांवर मराठीची छाप होती. त्यामुळे ज्यांच्या घरी कन्नड बोलले जाई अशा मुलांनाही मराठी शाळेत बसावे लागे. शिक्षण खात्यातील अधिकारी डेप्युटी चन्नबसप्प यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात या भागात कन्नड शाळा निघाव्यात म्हणून अपार कष्ट घेतले. मुलाला घरच्या भाषेतले पुस्तक मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९५६ नंतर तोच आग्रह आपण मराठी मुलांसाठी धरला. न समजणाऱ्या भाषेतले वाचन हे पोपटपंचीच ठरते, हे सत्य दोन्ही भाषांना सारखेच लागू आहे.

क्रमिक पुस्तक आले, तरी त्याबरोबर तपासणीही आली. इंग्लंडातील १८६२ च्या संहितेच्या धर्तीवर मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांसाठी 'निकालानुसार अनुदान' ही पद्धत सुरू झाली. डिपोटीसाहेबांपुढे जितकी मुले उत्तीर्ण, त्या मानाने शाळेला पैसा. साहेबांपाशी वेळ थोडा आणि मुले पुष्कळ. उतारा वाचून घेणे झटपट होते. तो कळला की नाही हे पाहावयास बसले तर दिवस पुरत नसे. ज्याची परीक्षा होते तेच शिकविले जाते, या न्यायाने खणखणीत वाचन म्हणजेच उत्तम वाचन, ही समजूत घट्ट झाली. १९०४ साली कर्झन यांच्या शिक्षणविषयक ठरावाने या अनुदानपद्धतीला विरोध केला आणि यथावकाश ती बंद पडली. परंतु तिने लावलेली सवय मागे उरली. मी तिसरीत असताना तपासणीच्या दिवशी मलाच उभे केले जाई, ते या जुन्या सवयीमुळेच.

या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवणाऱ्यांत महात्मा फुले अग्रणी होते. हंटर आयोगापुढे १८८२ साली सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या दुरवस्थेवर टीका केली आणि मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान अभ्यासक्रमात असावे, अशी मागणी केली. मुलाच्या जगण्याशी ज्याचा संबंध आहे ते पुस्तकात यावे, हा त्या मागणीचा गाभा होय. आमच्या वर्गातल्या त्या मुलाला बैलाचे कारण का कळले, याचे उत्तर या मागणीत आहे. त्याने ओढ्याला आलेले पाणी पाहिले होते. वाचकापाशी आधीच असलेले ज्ञान आणि पानावरचे शब्द यांची गाठ पडते, तेव्हाच अर्थ निपजतो. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ज्यांच्या घरी पुस्तक कधी आलेच नव्हते, अशा घरांतील मुले शाळेत येऊ लागली. आणि शाळेचे पुस्तक त्यांच्या जगाला किती परके आहे, हेही त्याबरोबर उघड झाले.

१९३० नंतरच्या दशकात आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने या परकेपणाला छेद दिला. लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आलेल्या या हाडाच्या शिक्षकाने मुलांना आवडेल अशा ललित वाङ्मयाला क्रमिक पुस्तकात मानाचे स्थान दिले. ती पुस्तके वाचून वाढलेल्या पिढीतील माणसांना म्हातारपणीही त्यांतले धडे आठवत, हे आपल्यापैकी अनेकांनी घरी ऐकलेले असेल.

पुस्तके सुधारली, तरी धड्याखालचे प्रश्न फारसे बदलले नाहीत. शब्दार्थ पाठ करा. गाळलेल्या जागा भरा. कोण कोणास म्हणाले? एका वाक्यात उत्तरे द्या. या प्रश्नांनी खरोखर काय तपासले जाते, हे पाहण्यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना एक निरर्थक वाक्य फळ्यावर लिहून देत असे: "लोबट्या खिरगुंडाने भर सांजेला टिपराळीत मोडवा हिंदळला." मग विचारीत असे, मोडवा कोणी हिंदळला? केव्हा? कोठे? सर्व विद्यार्थी तिन्ही उत्तरे अचूक देत, पूर्ण वाक्यात देत. कोणालाही काहीही कळलेले नसे, कारण कळण्यासारखे त्यात काही नव्हतेच. हसून झाल्यावर वर्ग गंभीर होई. आपण शाळेत मिळविलेल्या गुणांपैकी किती गुण खिरगुंडाचे, हा विचार प्रत्येकाच्या मनात येत असावा. माझ्या मनात तरी येतोच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, असे ते सांगते. त्यानंतरचा इतिहास वाचकांना नव्याने सांगावयास नको. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, १९८६ चे कन्नड सक्तीविरुद्धचे आंदोलन आणि त्यात गेलेले बळी, हे सारे आपल्या घरांतील स्मृतींचा भाग आहे. मराठी शाळा टिकावी म्हणून या भागातील सामान्य माणसाने जी किंमत मोजली, तिच्यापुढे नतमस्तक व्हावे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा यांसारख्या गावांनी शेतीभातीची कामे सांभाळून मराठी साहित्य संमेलने भरविली, हेही त्याच निष्ठेचे फळ होय.

तथापि या शतकाच्या टप्प्यावर एक गोष्ट स्वतःशीच कबूल करणे भाग आहे. माध्यमाचा प्रश्न आपण रस्त्यावर येऊन लढलो. आकलनाचा प्रश्न मात्र वर्गातच पडून राहिला. शाळेच्या पाटीवर कोणती भाषा असावी याविषयी आपण जेवढे जागरूक होतो, तेवढे त्या पाटीच्या आत बसलेल्या मुलाला धडा कळतो की नाही याविषयी नव्हतो. या दोषातून मी स्वतःला वगळीत नाही.

वस्तुतः आपल्या भागातील मुलाला या बाबतीत अधिक हात देण्याची गरज होती. ते घरी "जेवालोय", "करालंय" असे बोलते. पुस्तकात त्याला "जेवत आहे", "करीत आहे" असे भेटते. बाजारात कन्नड कानांवर पडते. शाळेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा व तीन लिप्या त्याला आत्मसात कराव्या लागतात. मराठी सोडून इतर विषयांची मराठी पुस्तके अनुवादातून येतात आणि त्यांतले वाक्य कित्येकदा मराठी वळणाचे नसते. एवढे असूनही हे मूल तीन लिप्या वाचू लागते, ही त्याची कर्तबगारीच म्हणावी लागेल. परंतु तीन लिप्या वाचता येणे आणि एका तरी भाषेत खोलवर समजणे, यांतला फरक आपण पाहिला नाही. अलीकडे पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे. प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सक्तीचे करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात २०१४ साली दिला. निवड पालकांची आहे. पण अर्थ न कळता इंग्रजी धडा घडाघडा म्हणणारे मूल पाहिले की, पंतोजींची उजळणी नव्या गणवेशात परत आली आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

हा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९१७ साली मुलांच्या उत्तरांतील चुका तपासून, परिच्छेद वाचणे हे एक प्रकारचे तर्क करणेच आहे, असा निष्कर्ष मांडला. शब्दांना कमीअधिक महत्त्व देत, त्यांची परस्परांशी सांगड घालीतच वाचक अर्थापर्यंत पोचतो. त्यानंतर साठ वर्षांनी डोलोरेस डर्किन या अभ्यासिकेने तेथल्या चौथीच्या वर्गांत प्रत्यक्ष बसून वाचनाच्या तासांचे निरीक्षण केले. एकूण ४,४६९ मिनिटांपैकी आकलन कसे करावे हे शिकविण्यात अवघी २० मिनिटे गेलेली त्यांना आढळली. उरलेला वेळ प्रश्न विचारून उत्तरे तपासण्यात आणि लेखी सराव करून घेण्यात गेला होता. समजले की नाही हे विचारले जात होते. समजून कसे घ्यावे हे कोणी सांगत नव्हते.

अ‍ॅनमेरी पॅलिन्सार आणि अ‍ॅन ब्राउन या दोघींनी १९८४ साली, अक्षरे नीट वाचणाऱ्या पण अर्थात मागे पडणाऱ्या मुलांसाठी एक पद्धती मांडली. आपण तिला परस्पर-अध्यापन म्हणू. थोडा भाग वाचावयाचा आणि थांबावयाचे. त्यावर मुलांनीच प्रश्न काढावयाचा, कळले ते थोडक्यात सांगावयाचे, अडलेले ठिकाण दाखवून ते सोडवून घ्यावयाचे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधावयाचा. आधी शिक्षकाने हे सारे स्वतः करून दाखवावयाचे, मग शिक्षकाची जागा पाळीपाळीने मुलांनी घ्यावयाची. आमच्या धड्याला ही रीत लावली असती, तर "आभाळ काळे झाले होते" या ओळीशीच गुरुजी थांबले असते, "लेखकाने हे का बरे सांगितले असेल?" असे त्यांनी विचारले असते, आणि बैल काठावर थांबण्याआधीच वर्गाला पुराची चाहूल लागली असती. ही रीत वाचताना मला देवळातली पोथी आठवली. थांबणे, आशंका घेणे, सार सांगणे, पुढच्या कथेची उत्सुकता धरणे, हे सर्व आपल्याकडे होतेच. शाळा काढताना ते आपण देवळात ठेवून आलो.

मराठी मुलखात या दिशेने निष्ठेने काम झाले आहे आणि त्यांतील दोन ठिकाणे आपल्यापासून फार दूर नाहीत. भाषाशास्त्राच्या संशोधनासाठी फलटणला आलेल्या आणि पुढे भारताच्याच नागरिक झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रेरणेने तेथे १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू झाले. मुळाक्षरे संपल्यावर बाराखडी, आणि बाराखडी संपल्यावर शब्द, ही चढण त्यांनी मोडून काढली. थोडी अक्षरे व एखाददुसरी मात्रा शिकविताच त्यांतून अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये मुलांपुढे येतात. मूल आपला अनुभव सांगते, तो लिहून घेतला जातो, आणि तेच त्याचे वाचनपाठ होतात. पहिल्या आठवड्यांपासून मुलाला कळून चुकते की, वाचणे म्हणजे कोणाचे तरी म्हणणे ऐकणे. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले आणि मुलांचे प्रश्न, त्यांचे अनुभव व त्यांचे स्वतंत्र लेखन यांना शाळेच्या मध्यभागी आणले. त्यांची पुस्तके आपल्या भागातील प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या हाती पडावीत, असे मला मनापासून वाटते.

शासनाच्या स्तरावरही आता ही जाणीव दिसते. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाच्या नावातच समजून वाचण्याचा उल्लेख आहे आणि तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला ते साधावे, असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. वास्तव मात्र कठीण आहे. 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे ४९ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येत होता. आणि ही पाहणी मुख्यतः मोठ्याने वाचता येण्याचीच आहे. जे वाचू शकले त्यांपैकी कितीजणांना बैल का थांबला हे सांगता आले असते, हा त्यापुढचा प्रश्न उरतोच.

येथे वाचनालयाचे कर्तव्य सुरू होते. प्राथमिक शिक्षकावर कामांचा भार किती आहे हे मी जाणतो, म्हणून सारे त्याच्यावर टाकू नये. आपल्यापाशी पुस्तके आहेत, जागा आहे आणि निवृत्त झालेले, वाचनावर प्रेम असणारे सभासद आहेत. आठवड्यातून एक दिवस, आसपासच्या शाळांतील पाच-दहा मुले आणि एक वडीलधारा वाचक, एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. मुलांना पुस्तक देऊन "वाचा" म्हणून सोडून देऊ नये. त्यांच्याबरोबर बसून वाचावे, मध्ये थांबावे, "आता काय होईल?" असे विचारावे, आणि त्यांनी घरच्या बोलीत दिलेले उत्तर न सुधारता ऐकून घ्यावे. "जेवालोय" म्हणणाऱ्या मुलाला आधी अर्थ सापडू द्यावा. प्रमाण भाषा त्याला त्याच पुस्तकातून पुढे मिळेल. उत्तर पानावर लिहिलेले नाही असा एक तरी प्रश्न दर वेळी विचारावा. स्पर्धा आणि बक्षिसे यांची त्याला गरज नाही. सभासदत्वाची वर्गणीही त्या मुलांकडून घेऊ नये.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी आपले वाचनालय काढले, त्यांच्यापुढे पुस्तके दुर्मीळ असण्याची अडचण होती. ती त्यांनी पैसा-पैसा जमवून दूर केली. आपल्यापुढची अडचण निराळी आहे. पुस्तके कपाटात आहेत, अक्षरे मुलांना येत आहेत, आणि मधली वाट अपुरी आहे. ती बांधणे हे या पुढच्या शतकाचे काम ठरावे.

आमचे ते गुरुजी आज हयात नाहीत. बैलाचे उत्तर देणारा मुलगा सातवीनंतर शाळा सोडून शेतीत गेला. अडखळत वाचणाऱ्याला शाळेत फार काळ कोणी थांबवून घेत नसे. त्याला अक्षराची थोडी अधिक साथ मिळाली असती, आणि मला अर्थाची थोडी आधी, तर दोघांचेही भले झाले असते. गावी गेलो की कधीमधी त्याची भेट होते. मागच्या पावसाळ्यात तो बांधावर भेटला तेव्हा नातवाविषयी अभिमानाने म्हणाला, "पोरगं लई वाचतंय, सर." मी विचारले, "आणि कळतंय काय त्याला?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ते तुमीच बघा की येऊन."

त्याचे हे निमंत्रण मी आपल्या वाचनालयाच्या सर्व सभासदांच्या वतीने स्वीकारले आहे.